राणीची ताटी

डोळे उघडेच ठेवा बाळांनो, आणि माझ्याबरोबर सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावात चला. समोर मांडव दिसतो का? पाटावर सुकन्या नवरी होऊन बसली आहे, नवरदेवाची उष्टी हळद नुकतीच आली आहे, बाया गाणी म्हणत आहेत... आणि एकाएकी सगळं चिडीचूप! हळदीचं ताट मातीत पालथं पडलं आहे, नवरदेवाचे मामा भुजंगराव पिवळे हात घेऊन थिजले आहेत, आणि त्यांच्यासमोर नवरीची धाकटी बहीण राणी पंजा पुढं करून, सारं बळ एकवटून ओरडते आहे, "न्हाई! ताटी बंद हाय!"

मांडवात कोणालाच काही कळेना. कळलं ते एकट्या सत्यभामाबाईला, आणि त्या माउलीचं काळीज भीतीनं नव्हे, अभिमानानं भरून आलं!

सत्यभामाबाई राणीची आत्या. भावजय गेली तेव्हा पुसेगावचं भरलं सासर सोडून ती या दोन पोरक्या लेकींसाठी भावाच्या दारी आली, ती परत गेलीच नाही. राणीला गोष्टी फार सावकाश समजायच्या. पण एकदा समजलेली गोष्ट ती जन्मात विसरत नसे. येईल त्याला ती मिठी मारायची... बांगडीवाला असो, वाटसरू असो. लोक हसायचे, गालगुच्चे घ्यायचे, हाताला धरून ओढायचे. आत्या मात्र हसत नसे. आज लाडानं धरणारा हात उद्या कसा वागेल, कोणी सांगावं?

म्हणून ती राणीला मेंढरं कोंडायच्या वाडग्याशी घेऊन बसू लागली. वाडग्याच्या तोंडाला लावलेली काट्यांची ताटी उघडायचं नि लावायचं काम राणीचंच.

"ताटी कोन उघडतं गं?"

"म्या!"

"तुझं अंगबी तुझं वाडगं हाय. ताटी तुझ्या हातात. कोनी बी असो, आधी इचारलं पाह्यजे. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई. कोन ऐकलं न्हाई तर वरडायचं, आन मला येऊन सांगायचं. लपवायचं न्हाई. दुसऱ्याचीबी ताटी असती, तवा तूबी इचारायचं."

रोज तेच बोलणं, तोच पंजा पुढं करणं. उन्हाळा सरला, मेंढरांची कातरणी झाली, तरी आत्या थकली नाही. मग एके दिवशी राणीनं मिठीसाठी पसरलेले हात आपणहून आवरले आणि विचारलं, "आत्या, येऊ का?"... आत्या त्या दिवशी पदरात तोंड खुपसून रडली होती.

आणि आज भुजंगरावांनी न विचारता तिच्या गालांना हळद फासली होती. ती 'न्हाई' म्हणाली, तर "हळदीला कोन न्हाई म्हनतं का गं येडे!" असं हसत त्यांनी तिचं मनगट धरलं होतं. राणीनं हिसका दिला आणि त्यांच्या दुसऱ्या हातातलं ताट मातीत गेलं.

"अपशकुन!" भुजंगराव गरजले. "पोरगीनं पाय धरून माफी मागितल्याबिगर आमी हितं पानी पिनार न्हाई!"

राणीचा बाप कोंडीबा घामाघूम झाला. "अक्का, काहून शिकवलं हे तिला? लगीन मोडून राहिलं की! राने, चल, मामाचे पाय धर!" तो लेकीच्या दंडाला धरायला धावला... आणि सत्यभामाबाई मधे उभी राहिली.

"ताट सांडलं, त्याची माफी मी मागते, पाव्हनं. पन 'न्हाई' म्हनली, त्याची माफी या घरात कोनीच मागनार न्हाई!"

"मंग चालती हो माझ्या घरातून!" कोंडीबाच्या तोंडून निघून गेलं.

हाय रे दैवा! जिनं आपलं सारं आयुष्य या उंबऱ्यावर ओवाळून टाकलं, तिलाच हे ऐकावं लागावं! डोळे भरले, पण मान झुकली नाही.

"जाते. पन एक सांग. मेंढरं बिथरून कोकरं तुडवतील म्हनून तू ताटीशी हाक घालतोस, मंग आत पाय टाकतोस. हे तर तुझ्या रोजच्या कामातलं! मुक्या मेंढराला जी रीत, ती पोटच्या लेकराला न्हाई व्हय रे, कोंडीबा?"

कोंडीबाचा पुढं केलेला हात खाली आला. पाटावरून सुकन्या उठली आणि म्हणाली, "बाबा, आत्या गेली तर मीबी या पाटावर बसनार न्हाई!"

कोंडीबा आत्याच्या पायांशी मटकन बसला. "अक्का... माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं! कुठं चाललीस? हे घर तुझं हाय." मग डोळे पुसून तो वळला. "पाव्हनं, हळद परत न्यायची तर खुशाल न्या. लेकरू माझं बराबर हाय."

भुजंगराव आपल्या पिवळ्या हातांकडं बघत राहिले, आणि हळूच खाली बसून मातीतलं ताट त्यांनी सरळ केलं.

कोंडीबा ताटीशी थांबावा तसा राणीपासून दूरच थांबला. "राने... लेकरा... जवळ येऊ का?"

राणीनं त्याला निरखून पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. कोंडीबा हलला नाही. तो खरंच थांबला आहे, हे तिला समजायला वेळ लागला. समजलं तसं ती पाटापाशी गेली, तिथल्या वाटीत वेगळ्या काढून ठेवलेल्या हळदीत तिनं बोट बुडवलं आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुमाला लावू का?" तिनं विचारलं, आणि ते पिवळं बोट हवेत तसंच धरून ती उत्तराची वाट पाहू लागली.