मशीन म्हणे, माती ओली!

"ऊठ रे अनीश, पंपाचा चोर पकडायचाय!"

"चोरानं पंप नेला?"

"पंप जागेवर आहे येड्या! पण चालतच नाही. कोणीतरी गुपचूप बंद करतंय!" उर्वी म्हणाली.

अनीशच्या डोक्यात काही शिरेना. दोघं भावंडं सुट्टीत इंदूरहून देवासला श्रीपादकाकांकडे आली होती. काकांनी बागेच्या पंपाला नवीन मशीन लावलेलं. त्याचा एक रॉड मातीत खुपसायचा. माती सुकली की रॉड सांगणार, मशीन पंप सुरू करणार आणि फवारे उडणार! काकांनी तर जुनं बटणही काढून टाकलं होतं.

आणि बाग? बाग वाळत होती! बकुळाआत्याच्या मोगऱ्याची पानं पिवळी पडली, कळ्या गळायला लागल्या. वैशाखात दर शुक्रवारी टेकरीवरच्या देवीला आत्याच्या हातचा मोगऱ्याचा हार जायचा. शुक्रवार आला तोंडावर! बिचारी दुखऱ्या गुडघ्यानं बादल्या ओढत होती.

"श्रीपाद, तुझं ते डबडं फेक बाहेर!" आत्या कडाडली.

"अक्का, हे बघ ना!" काकांनी मोबाईल पुढे केला. "माती ओली, पंप बंद. मशीन कधी खोटं बोलत नाही!"

काकांचा मुलगा प्रणव मोगऱ्यापाशी बसला, मातीत बोट घातलं आणि ओरडला, "आई गं! तव्यासारखी तापलीय! ही ओली?"

"मोबाईल बिघडला," अनीश म्हणाला.

"माझ्या मोबाईलवर पण तेच दिसतंय!" प्रणव म्हणाला.

"मग भूत!"

"भुताला मोगरा सुकवून काय मिळणार, भिया?" प्रणवनं विचारलं. तिकडे भावाला सगळे 'भिया'च म्हणतात.

दुपारची जेवणं झाल्यावर तिघं पाण्याच्या टाकीमागे लपून बसली. घामाच्या धारा, मुंग्या पायावर! शेजारचा राजवर्धन कुंपणाशी दिसला.

"हाच! पकडा!" अनीश धावला.

"क्या हुआ भिया? मी माझी चप्पल शोधतोय. कुत्र्यानं नेली यार!"

अनीश तोंड पाडून परत आला. मग बागेत आली फक्त आत्या. बेलाखाली महादेवाची छोटी पिंड होती. वैशाखात तिच्यावर मडकं टांगायचं आणि बुडाच्या भोकातून देवावर थेंब थेंब पाणी पडू द्यायचं, अशी घरची रीत. आत्यानं मडकं भरलं, हात जोडले, गेली.

"कोणीच नाही आलं! माझं तर डोकंच फिरलं," प्रणव कुरकुरला.

"श्शू! ती चिमणी बघ," उर्वी कुजबुजली.

पिंडीमागे एक चिमणी मस्त चिखलात आंघोळ करत होती.

"सगळ्या बागेत धूळ, आणि हिला चिखल कुठून मिळाला?"

तिघं धावली. मडक्याचं पाणी पिंडीवर, पिंडीवरून पन्हळीत, पन्हळीतून मातीत! आणि त्याच चिखलात रुतून बसला होता काकांचा रॉड!

"बाप रे! मशीन खरंच बोलत होतं!" अनीश ओरडला. "पण फक्त एवढ्याच जागेचं!"

काका जेवल्यापासून मोगऱ्याच्या वाफ्याशेजारी सावलीत खाटेवर घोरत होते. प्रणव डोळे मिचकावून म्हणाला, "उठवू नका!"

रॉड उपटला, पुसून कोरडा केला. मोगऱ्यापाशी खुरप्यानं खड्डा केला, रॉड खोचून माती दाबली. थोडा वेळ काहीच नाही.

"चुकलो की काय?" उर्वीनं रॉडभोवतीची माती आणखी दाबली.

घर्रर्र! पंप सुरू! सगळे फवारे एकदम उडाले!

"पाऊस! पाऊस! गाद्या आत घ्या!" काका खाटेवरून पडता पडता वाचले. चष्मा ओला, मिशा ओल्या! आत्या धावत आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"पण रॉड तिथं लावलाच का, काका?" उर्वीनं विचारलं.

काका खाली बघत पुटपुटले, "मोगऱ्यापाशी जमीन कडक, रॉड आत जाईना. तिथं कसा लोण्यासारखा गेला!"

"लोण्यासारखा का गेला, हे नाही आलं मनात?" आत्या म्हणाली.

काकांनी भिजलेले कान पकडले. "शाबास रे पोरांनो! आजपासून मशीन तुमच्या ताब्यात. मी फक्त भिजणार!"

शुक्रवारी कळ्या थोड्याच निघाल्या. हार वीतभरच झाला. आत्यानं तो केळीच्या पानात गुंडाळून उर्वीच्या हातावर ठेवला.

"तुम्हीच घेऊन जा टेकरीवर. देवीला सांगा, यंदाचा मोगरा तुम्ही वाचवलाय."