लारासचा उजवा कान

सोलो शहरातल्या त्या इअरफोनच्या दुकानात सेनो कधी काउंटरवर उभा राहत नसे. मागच्या खोलीत बसून बिघडलेले इअरफोन दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्या मंगळवारी काउंटरवरची मुलगी बहिणीच्या लग्नाला गेली होती, म्हणून मालकीणबाईंनी त्याला पुढे उभं केलं आणि बजावलं, "हसत राहा. आणि जरा मोठ्याने बोल."

हसणं जमण्यासारखं होतं. सोलोची माणसं मुळातच हळू बोलतात आणि सेनोचं बोलणं तर सोलोच्या माणसांनाही कान देऊन ऐकावं लागायचं.

दुपारी रेनकोटवरून पाणी निथळत एक मुलगी आत आली. "मास, बाहेरचा आवाज सगळ्यात जास्त मारणारे इअरबड दाखवा," ती म्हणाली. ते इतकं मोठ्याने, की पलीकडे मोबाईलची कव्हरं बघणाऱ्या दोन बायका वळल्या.

"कुणाचा आवाज मारायचाय, म्बाक?" सेनोने विचारलं. तिकडे मास म्हणजे दादा आणि म्बाक म्हणजे ताई.

"माझ्या बापाचा."

सेनोचा कपाटाकडे गेलेला हात थांबला.

"बोलण्याचा नाही," ती हसली. "हातोड्याचा. आम्ही गोंग घडवतो."

तिचं नाव लारास. शहराबाहेर, भाताच्या शेतांपलीकडे गोंग, म्हणजे वाजवायच्या मोठ्या थाळ्या, घडवणाऱ्यांचं गाव आहे, तिथली. कांशाची लाल तापलेली तबकडी चार माणसं आळीपाळीने ठोकतात, दिवसभर. त्यामुळे त्या गावात सगळेच ओरडून बोलतात, आणि आपण ओरडतोय हे कुणाला माहीत नसतं.

सेनोने तीन जोड्या मांडल्या. पहिली जोडी तिच्या कानात नीट बसेना. त्याने रबरी टोप्या बदलल्या, पुन्हा बदलल्या, आणि थोडं वाकून बघितलं.

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा लहान आहे."

"पहिल्याच भेटीत असं सांगतात का कुणाला?"

"नाही... म्हणजे, बऱ्याच जणांचे असतात."

"आणि तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"आजच सांगितलं. पहिल्यांदा," तो म्हणाला, आणि त्याचेच कान लाल झाले.

डाव्याला छोटी टोपी, उजव्याला मधली. मग त्याने दुकान झाडायचं व्हॅक्यूमचं यंत्र आणून तिच्या पायाशी सुरू केलं. ते घरघरायला लागलं. त्याने तिच्या कानातल्या इअरबडवर बोट टेकवलं, आणि घरघर गेली. रस्त्यावरच्या गाड्यांची घुमघुम गेली. छपरावरच्या पावसाची नुसती कुजबुज उरली. समोर फक्त हा मुलगा, काहीतरी बोलणारा. बोलताना त्याची एक भुवई वर जात होती. लारास डोळे मोठे करून बघत राहिली. तिला उडी मारावीशी वाटली.

"हेच द्या," ती म्हणाली.

सेनोने मान हलवली. एक रिकामा बिस्किटांचा डबा घेतला आणि त्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ मारली. टण्ण. लारास दचकली.

"ऐकू आलं ना?" तिने इअरबड काढल्यावर त्याने विचारलं. "सारखा घुमणारा आवाज हे मारतं. पंखा, इंजिन, ग्राइंडर. घाव अचानक येतो, तो याच्या हाती लागत नाही. हातोड्याला हे पुरणार नाही."

"महागातलं पण नाही?"

"महागातलं पण नाही. हातोड्यासाठी समोरच्या हार्डवेअरमधून जाड इअरमफ घ्या. पूर्ण कान झाकणारे."

मालकीणबाई खोकल्या.

"मास, तुम्ही माल विकायला उभे आहात की गिऱ्हाईक हाकलायला?" लारासने विचारलं.

"मी खरं तर दुरुस्तीला असतो."

लारास हसली नाही. तिने इअरबड हळूच डबीत ठेवले आणि पहिल्यांदाच हलक्या आवाजात बोलली. मागच्या महिन्यात तिने कान तपासून घेतले होते. उजव्या कानातून बारीक सूर कमी झाले होते. फार नाही, पण सुरुवात झाली होती, आणि गेलेलं परत येत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ठोकून झालेल्या गोंगाला सूर लावायचं काम तिचं. आधी ते बापाचं होतं. बापाचे कान गेले म्हणून तिच्याकडे आलं. तिचेही गेले तर भट्टीत सूर लावणारं कुणी उरत नव्हतं.

सेनोने मधल्या किमतीची जोडी निवडली. "ही ग्राइंडरला आणि भट्टीच्या ब्लोअरला. बाहेरचं गप्प झालं की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही, तो निम्म्यावरच ठेवा. आणि हातोडा चालू असला की इअरमफ." मग डबीच्या खोक्यावर त्याने आपला नंबर लिहिला. "काही अडलं तर..."

"आणि नाही अडलं तर?"

"तर... तसं कळवा."

तिने संध्याकाळीच कळवलं. तीन शब्द: काही अडलं नाही.

पुढचे दहा दिवस तिचं काही म्हणजे काहीच अडलं नाही आणि ते ती रोज कळवत होती. ग्राइंडर लावला की तो गायब व्हायचा आणि कानात तंबोऱ्यासारखं मंद संगीत. हातोडे सुरू झाले की इअरमफ. चौघा घणवाल्यांसाठीही तिने इअरमफ आणले होते. त्यांनी ते लाल इअरमफ खिळ्याला टांगले आणि, कानावर खोवायची फुलंच ती, म्हणून त्यांना लारासची जास्वंदं म्हणायला लागले. सेनो विचारायचा, कान दुखतो का. ती विचारायची, कुठला, लहान की मोठा. सेनो लिहायचा, तुमच्या गावावरून जाणारा रस्ता चांगला आहे म्हणतात. ती लिहायची, मग या की. तो लिहायचा, बघू, कधी तिकडे काम निघालं तर. सोलोच्या माणसाचं हे असं. घराच्या दारात येऊन उभा राहील आणि म्हणेल, इथून चाललो होतो.

अकराव्या दिवशी लारासने गोंग बिघडवला.

शेजारगावच्या बायकांच्या वादक मंडळाचा मोठा गोंग होता. मोठा गोंग वाजवला की त्याचा घुमारा लाटांसारखा येतो. त्या लाटा संथ हव्यात, एकसारख्या हव्यात. लारास लाटा मोजते आणि कानशीने थोडं थोडं घासते. त्या दिवशी घुमारा तिला पातळ वाटला. तिने घासलं. तरी पातळ. पुन्हा घासलं. बाप लांबून बघत होता. तो उठून आला, तिच्या कानाकडे बोट दाखवलं. ग्राइंडरच्या वेळचे इअरबड तिने काढलेच नव्हते.

काढले आणि गोंगवर हात मारला. लाटा भराभरा येत होत्या, धापा टाकल्यासारख्या. घासलेला धातू परत लावता येत नाही.

लारासला गोंगचं दुःख होतं, पण भीती दुसरीच होती. चूक यंत्राची होती, की कानाची? तिला आता गोंगसुद्धा ऐकू येईनासा झाला होता का?

तिने सेनोला लिहिलं, अडलं.

तासाभरात त्याची मोटरसायकल अंगणात उभी होती. इथून चाललो होतो, असं तो म्हणाला नाही. "गोंग कुठे आहे?" असं विचारलं, धापा टाकत.

सगळं ऐकून घेतल्यावर तो चक्क खूश दिसायला लागला. लारासला राग आला. "माझा कान चाललाय आणि तुम्ही हसताय?"

"नाही जात. बसा. इअरबड काढून ठेवा. मी गोंग वाजवतो, तुम्ही प्रत्येक लाटेला बोट उचला." त्याने फोन गोंगजवळ धरला. फोनच्या पडद्यावर आवाजाची रेघ उठत होती, पडत होती. गोंग वाजला. लारासने डोळे मिटले, बोट उचललं, उचललं, उचललं. शेवटच्या लाटा तर हवेत विरल्यासारख्या झाल्या होत्या, तरी तिचं बोट उठत राहिलं.

"सव्वीस," ती म्हणाली.

सेनोने पडदा तिच्यापुढे धरला. पंचवीस टेकड्या. सव्विसावी इतकी बारीक, की त्याला ती बोटांनी ताणून मोठी करावी लागली.

"आता हे घाला."

इअरबड घातल्यावर लारासला अकराच लाटा ऐकू आल्या, त्याही पाण्याखालून आल्यासारख्या.

"सारखा, खोल, घुमणारा आवाज," सेनो म्हणाला, आणि उत्साहात त्याचा आवाज चक्क वर गेला होता. "याला काय माहीत हा गोंग आहे? याला वाटलं इंजिन आहे. त्याने गोंगच मारून टाकला. चूक माझी. दुकानात सगळं सांगितलं, सूर लावताना काढून ठेवा एवढंच राहिलं. तुमचा कान माझ्या फोनपेक्षा चांगला आहे, म्बाक."

लारास गोंगला पाठ टेकून खाली बसली. तिला रडू आलं आणि हसूही आलं. मग तिने त्याची बाही धरून त्याला शेजारी बसवलं आणि सोडली नाही.

बाप, ज्याला सगळे आदराने पाक हार्जो म्हणत, तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी आणि गोड दाट चहा घेऊन आला. बिघडलेल्या गोंगकडे बघून म्हणाला, "उद्या वितळवू. पुन्हा ठोकू. कांसं आपलंच आहे." मग धरलेल्या बाहीकडे बघितलं. "हा कोण?"

"पाक, मी सेनो. सोलोहून..." सेनो उठून उभा राहिला.

"मोठ्याने बोल. इथे सगळे बहिरे आहेत."

"मी सेनो. लारासना इअरबड मीच..."

"ते कळलं. आलास कशाला?"

मागे चौघांनी घण सुरू केले होते. सेनोने लारासकडे बघितलं. ती मुद्दाम चहात बघत होती. जन्मात त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. त्याने छाती भरून श्वास घेतला.

"मला लारास आवडते, पाक."

"काय?"

"मला लारास आवडते."

"हातोडे चालू आहेत, ऐकू येत नाही."

सेनो ओरडला. सोलोत कुणी इतक्या मोठ्याने ओरडलं असतं तर आग लागली समजून लोक पाणी घेऊन धावले असते. नेमके त्याच क्षणी चारही घण थांबले, आणि ते वाक्य भट्टीतून, अंगणातून, भाताच्या शेतापर्यंत गेलं.

पाक हार्जोने भज्याचा तुकडा तोडला. "बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत," तो म्हणाला. "पुरुषाचा जाड आवाज येतो. पहिल्याच खेपेला ऐकलं होतं."

घणवाले हसले. तो हसला नाही. "हिची आई हळू बोलायची. तुझ्यासारखीच. शेवटच्या वर्षी ती रोज काहीतरी सांगायची आणि मी नुसती मान हलवायचो. काय सांगायची ते मला कळलं नाही. विचारायचंही राहून गेलं." त्याने सेनोपुढे ताटली सरकवली. "हिचे कान सांभाळ. आणि मला नको सांगूस, तिला सांग. हळू सांग. तिला येतं ऐकू."

तो उठला आणि घणवाल्यांना घेऊन शेतातल्या पाटावर हातपाय धुवायला गेला. जाताना एकाने खिळ्यावरचे इअरमफ काढून डोक्यावर चढवले.

भट्टीत कुणी उरलं नाही. निखारे तडतडत होते. सेनोचा घसा बसला होता. तो तिच्या उजव्या कानाशी वाकला, आणि त्याला जेवढं हळू बोलता येत होतं तेवढं हळू बोलला.

लारासने बोट उचललं.