धरलेली जागा

"बापरे, केवढी जड झाली ही!" असं म्हणत नवऱ्याने विमानतळावर लेकीला उचललं, तसंच खाली ठेवलं आणि चारचौघांत रडायला लागला. बायको म्हणाली, "अहो, लोक बघतायत," आणि मग स्वतःच ओढणीने डोळे पुसत राहिली. पाच वर्षांनी भेटत होती माणसं. तो या परक्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायला आला, तेव्हा लेक नुकती पावलं टाकायला लागली होती. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. मायलेकींची कागदपत्रं कधी इकडे अडकत, कधी तिकडे. शेवटी वर्षअखेरच्या सुट्ट्या लागायच्या तोंडावर परवानगी आली एकदाची, आणि दोघींनी हातात सापडेल ते बॅगेत कोंबून विमान गाठलं.

बाई तशी खमकी. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम केलेली. फिल्मवर दिसलं तर आहे, नाही तर नाही, असा तिचा खाक्या. घर बघूनही ती हुरळली नाही, हिरमुसलीही नाही. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, खिडकीखाली खोली गरम ठेवणारा लोखंडी हीटर. बाहेर भर दुपारीसुद्धा दिवे लावावे लागत. जेवायच्या टेबलाभोवती मात्र पाच खुर्च्या होत्या, एकीचं दुसरीशी जमत नव्हतं.

"एकट्या जिवाला पाच खुर्च्या?"

"लोक घर सोडताना टाकून जातात. म्हटलं, लागतील कधीतरी."

पहिल्याच जेवणाला त्याने पाच ताटं मांडली. बायको बघतच राहिली. "कोणी यायचंय का?"

तो दचकला. "अगं, दोन जास्तीची सवयीने मांडली गेली." मग खाली बघत त्याने सांगितलं. रोज जेवायच्या वेळी तो पाण्याच्या निळ्या जगला टेकवून फोन उभा करायचा. पलीकडे या दोघी, अलीकडे तो. पण समोर नुसता फोन बघून घास उतरेना. मग तो दोन ताटं जास्तीची वाढून ठेवायला लागला, एक हिचं, एक भिंगरीचं. "वेड्यासारखं वाटेल तुला."

तिला कसलं वेड्यासारखं वाटतंय, तिने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. पाच वर्षं तिला त्या फोनमध्ये त्याचा चेहरा आणि त्या जगचा निळा कान एवढंच दिसत आलं होतं. मागे चमच्यांची किणकिण मात्र फार ऐकू यायची. एकटा जेवतोस की पंगत उठवतोस, असं ती चिडवायचीसुद्धा. ते अरे-तुरे चेष्टेपुरतंच हं, एरवी ती त्याला अहो-जाहोच करायची.

आवरताना तिने ताटं उचलली. पाचही रिकामी होती. यानेच संपवलं असेल, वाया घालवायचा स्वभाव नाही त्याचा, असं म्हणून तिने ती विसळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दारातल्या, आपल्याच भाषेच्या म्हाताऱ्या आजी जिना झाडत होत्या. भिंगरीला बघून त्यांनी झाडू टेकवला.

"काय गं, आज पाय दुखतात वाटतं? रोज तर धडाधडा उड्या मारत उतरतेस."

"आजी, आम्ही कालच आलोय," बायको हसून म्हणाली.

आजींनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "हो का? डोळे गेले माझे आता," असं पुटपुटत त्या आत गेल्या. पण त्यांनी कडी लावल्याचा आवाज आला, आणि मग दुसरी कडीही.

वय झालं की होतं असं, बायकोने स्वतःला समजावलं. पण जिवाला घोर लागायचा तो लागलाच. दुपारी भिंगरी ताट घेऊन खिडकीत उभ्याने खायला लागली. ही पोर उभ्याने खाते हे काही नवीन नव्हतं, पण आज ती हलत नव्हती.

"बस की खुर्चीवर."

"ती धरलीय."

"कोणी धरलीय?"

भिंगरीने खांदे उडवले. शाळेच्या बाकावर दप्तर ठेवून जागा धरतात, त्यात काय सांगायचं, असा तिचा चेहरा. आईने जाऊन खुर्चीवर हात ठेवला. बसायची जागा ऊबदार होती. हीटरमुळे असेल, असं म्हणून ती वळली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हीटर समोरच्या भिंतीला आहे. तिने शेजारच्या खुर्चीवरही हात ठेवला. तीही तशीच.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला धारेवर धरलं. भुताखेतांचा विषय तिने काढलाच नाही; तसलं काही बोलायची तिला लाज वाटली. तिची भीती वेगळी होती. ज्या घरासाठी पाच वर्षं डोळे लावून बसलो, त्या घरात आपण पाहुण्या आहोत की काय, आपण यायच्या आधीच इथला संसार मांडून झालाय की काय, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"उद्या सुट्टीचं पहिलं जेवण. टेबलावर तीन ताटं मांडायची. तीन म्हणजे तीन. आम्ही आलोय ना आता?"

"आलात, आलात गं." तो बोटांची नखं बघत राहिला. हातावरचं ग्रीस किती घासलं तरी जायचं नाही त्याच्या. "पण मग त्यांना काय सांगू?"

"कोणाला?"

तो गडबडला. हसला. "कोणाला नाही. झोप आलीय मला."

सकाळी तिने जास्तीच्या दोन खुर्च्या ओढत जिन्यात नेऊन ठेवल्या. जास्तीची दोन ताटं पार वरच्या फळीवर टाकली. हलकं वाटलं तिला, अगदी आजार उतरल्यासारखं. मग तिने मन लावून स्वयंपाक केला. तीन ताटं मांडली, भाजी वाढली, निळा जग भरून मधोमध ठेवला. नवरा नवा शर्ट घालून बसला. "कसं भरल्यासारखं वाटतंय घर," असं तो म्हणाला, आणि तिला इतका आनंद झाला की तिने भिंगरीचा मुकाच घेतला.

"चल, भात घेऊन येऊ. तू चमचे घे."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. भाताचं पातेलं तापलेलं होतं. तिने फडकं शोधलं, पातेलं धरलं आणि वळली.

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. आधी एक. मग एक, जरा हलकी.

भिंगरी चमचे छातीशी धरून उभी होती. "आई," ती हळूच म्हणाली, "आता आपण कुठे बसायचं?"

दारातून टेबलाचं एक टोक दिसत होतं. तिथे आईच्या ताटातली भाजी अर्धी संपली होती.

"अहो," तिने हाक मारली.

तेवढ्यात तिच्या स्वेटरच्या खिशात फोन वाजायला लागला. रोज जेवायच्या वेळी वाजायचा, तसाच.

तिने पातेलं ओट्यावर ठेवलं. फोन उचलला.

नवऱ्याचा चेहरा. अंगात नवा शर्ट. कडेला जगचा निळा कान.

"कशा आहात दोघी? जेवलात का?"

"अहो, मी इथेच आहे. स्वयंपाकघरात आहे मी!"

"आवाज तुटतोय गं तुझा." तो डोळे बारीक करून बघत होता, पाच वर्षं बघत आला तसाच, मायेने. चमच्यांची किणकिण फोनमधून येत होती, आणि दारातूनही. "रडू नकोस. या सुट्टीत नाही जमलं, पुढच्या सुट्टीत याल. तुमची जागा धरून ठेवलीय."

एवढं बोलून त्याने शेजारच्या छोट्या ताटात भाजी वाढायला हात लांबवला.