घासलेली खुंटी

त्या रात्री गॅरेजमध्ये मी नव्हतो, हे आधीच सांगतो. आतलं जे सांगेन ते फ्यूजच्या तोंडचं. बाकीचं मी स्वतः पाहिलेलं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

फ्यूज म्हणजे माझ्या सुट्या भागांच्या दुकानासमोरचा मोटार-इलेक्ट्रिशियन. नऊ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी सातला तो बल्ब घ्यायला आला. आमच्या गल्लीतल्या सरांच्या साठ वर्षं जुन्या मोटारीचा मागचा बल्ब गंजून अडकला होता. सर गाडी विकणार होते. सकाळी घेणाऱ्याचा मेकॅनिक ती तपासणार होता.

"एका बल्बसाठी एवढा घाम?" मी म्हटलं.

"बल्ब दे. प्रवचन नको."

घामाचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या गाडीला मागे दिवा एकच. बल्बमध्ये दोन तारा: मंद रात्रीसाठी, प्रखर ब्रेकसाठी. तो उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन पितळी खुंट्या वरखाली असतात. वर्षभरापूर्वी घाईत फ्यूजने एक खुंटी कानशीने घासली आणि गंजक्या होल्डरमध्ये बल्ब उलटाच दाबून बसवला. दिवा लागला, काम झालं. पण तो आता सतत प्रखरच जळायचा. ब्रेक दाबला तरी मागच्याला कळायचं नाही.

त्यानंतर चौथ्या रात्री सरांनी करकचून ब्रेक दाबला. मागे स्कूटरवर त्यांची मुलगी होती.

"आंधळ्यासारखी चालवायची," ती गेल्यावर सर भेटेल त्याला सांगत. फ्यूज समोर असला की मान डोलवायचा.

तर मंगळवारी रात्री साडेअकराला गॅरेजमध्ये त्याने बल्बला पक्कड लावली. काच फुटली. अर्धा बटाटा बल्बच्या उरलेल्या पितळी टोपीवर दाबून पिळला. टोपी सुटली. होल्डर रिकामा.

"पण मामा, बॅटरी?" ऐकता ऐकता भाच्याने मला विचारलं.

"तिची तार त्याने काढून ठेवली होती. ऐक."

खाली ठेवलेली दिव्याची लाल काच चमकली. उजेड त्याच्या पाठीमागून येत होता. शटर तर बंद. तो वळला नाही. स्कूटरचा आवाज... जवळ. अगदी जवळ. मग बंद.

"काका..."

...

"सरका ना. बाबांनी ब्रेक दाबलाय का, दिसत नाहीये."

त्याने नवा बल्ब बसवला. सरळ. शपथेवर सांगत होता, सरळ. आणि पळाला.

सकाळी फ्यूजने बॅटरीची तार जोडली; सर गाडीत बसले, आम्ही तिघे मागे उभे होतो. मेकॅनिकने सरांना ब्रेक दाबायला सांगितला. दिवा वाढला नाही. त्याने बल्ब काढला. टोपीवर माझ्या दुकानाचा निळा ठिपका होता, म्हणजे बल्ब कालचाच. एक खुंटी घासलेली.

"हे कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"ही मी नाही घासली, सर," फ्यूज घाईने म्हणाला. "मी घासली ती जुनी होती..."



"म्हणजे मागून येणाऱ्याला..." सर म्हणाले.

"कळणार नाही," मेकॅनिक म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

सर गाडीतून उतरले नाहीत. पाय ब्रेकवरच होता. दुपारी दोघांनी धरून त्यांना उचललं.

फ्यूजकडे कानस एकच. मूठ बसवायला म्हणून त्याने ती चार दिवसांपूर्वी माझ्याकडे टाकली होती. रात्रभर ती माझ्या दुकानात, कुलपाआड. किल्ली माझ्या खिशात. मी जाऊन पाहिलं. कानस जागेवरच होती.

तिच्या दातांत पितळाचा कीस होता. ताजा.