गिअरबॉक्समधलं तांबडं तेल

मालट्रकांचे मालक सेतुमाधवराव आले आणि खुर्ची सरळ कृष्णवेणीबाईंकडे वळवून बसले. पुष्करकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. झालं, सकाळी सकाळीच पुष्करच्या पोटात दुखायला लागलं. मूळचा नाशिकचा इंजिनिअर तो, चेन्नईत गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. बाई खासगी गुप्तहेर, सुट्टीत तो त्यांना तपासात मदत करायचा. यंत्रातलं कळायचं त्याला आणि नाव व्हायचं बाईंचं.

रावांचा नवा ऑटोमॅटिक ट्रक आठ दिवस चढावर दगा देत होता. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. गॅरेजवाला म्हणत होता, अख्खा गिअरबॉक्स बदला. रावांनी खापर फोडलं ड्रायव्हर वेंकटवर. संध्याकाळी त्याला काढणार होते. वेंकटचं लग्न महिन्यावर आलं होतं.

रावांच्या गिंडीतल्या ट्रकच्या आवारात वेंकट गयावया करत म्हणाला, गिअरबॉक्सच्या तेलाला आपण हातसुद्धा लावलेला नाही.

मग आले राममूर्ती. तीस वर्षं जुना ट्रक चालवणारे. नवा मात्र वेंकटला मिळाला. कुठलंही इंजिन सुरू व्हायच्या आत सगळ्या गाड्यांना कापूर ओवाळून तेलपाणी बघायचं, हा त्यांचा नेम. "तेल कमी नाही," ते म्हणाले. "खुणेच्या वरच असायचं." खांद्यावरच्या पंच्याला तांबडा डाग होता. पूजेचं कुंकू, पुष्करने मनात म्हटलं.

"आतल्या क्लचप्लेटी जळाल्यात. गिअरबॉक्स गेला," पुष्करने ठणकावलं.

बाईंनी तेल मोजायची पट्टी काढून कागदावर पुसली. तेल तांबडं, स्वच्छ. जळका वास नाही, लोखंडाचा कीस नाही. ट्रकखालची जमीन कोरडी. इंजिन चांगलं तापू दिलं आणि ते चालू असतानाच पट्टी पुन्हा घातली. तेल खुणेच्या कितीतरी खाली! त्यांनी ते भरायला लावलं. वेंकट ट्रक पुलावर घेऊन गेला, तो सुरळीत चढला. पुष्कर मनातून चरफडला.

"तेल जळलं नाही, गळलं नाही. म्हणजे कुणीतरी काढलं," बाई म्हणाल्या. "या गाडीचं तेल इंजिन चालू ठेवून मोजायचं. बंद असलं की वरचं तेल खालच्या टाकीत उतरतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. बंद गाडीचं तेल बघणारे इथे एकटे तुम्ही, राममूर्ती. जास्त वाटलं म्हणून नळीने ओढलंत. पंच्यावरचं कुंकू असतं तर झटकलं गेलं असतं. हा डाग तेलासारखा पसरलाय. आणि तुमच्या ट्रकचं तेल काळं, म्हणजे हे तांबडं याच गाडीचं."

राममूर्ती खाली बसले. "काढलं ते चुकून. आळ त्याच्यावर आला तेव्हा उमगलं होतं मला. तरी गप्प बसलो. ती गाडी त्याच्या हातात बघवत नव्हती."

रावांनी वेंकटला पहाटेचा माल न्यायला सांगितलं.

परतताना बाई म्हणाल्या, "इतका इमानी माणूस. असं का वागावं, तेवढं मला कळत नाही."

"मला कळतं," पुष्कर म्हणाला. "तुमचं एकदा तरी चुकावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलेला असतो."

बाई चालता चालता थांबल्या. "आजसुद्धा?"

"आजसुद्धा. वेंकटची नोकरी गेली असती तरी."