पाहिलं, खरं आहे

"पाहिलं. खरं आहे."

आमच्या गावपरिषदेतल्या मिस्टर क्लियोंचा हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आईच्या मांडीवर मावत होते. आधी ते बोटातली जाड अंगठी टेबलावर दोनदा ठोकायचे. ठक, ठक. मग श्वास घ्यायचे, इतका लांब, की वाटावं हा माणूस खालच्या नदीतून श्वास भरून आणतोय. आणि मग ते तीन शब्द. त्यानंतर निवडणूक संपली असं आमच्या गावात सगळे धरून चालत.

टॉलिव्हर बेंडची ही रीतच आहे. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी ब्राझोस नदीच्या वळणावर हे गाव वसवलं आणि पहिली निवडणूक घेतली, त्याच रात्री पलीकडच्या काठावरून गोरे घोडेस्वार आले. मतपेटी ठेवलेली खोली त्यांनी जाळली. सकाळी लोक त्या ऊन राखेत उभे राहिले आणि एकेकानं आपलं मत मोठ्यानं सांगितलं. माझी पणजी तिथे होती. बाईला मत नव्हतं तेव्हा, पण ऐकायला कोण अडवणार? पाच माणसांनी ते सगळं ऐकून, मोजून सांगितलं, पाहिलं, खरं आहे. तेव्हापासून आमच्याकडे निकालावर सही नंतर होते, आधी आवाज. परिषदेच्या पाचही खुर्च्या पुकारायच्या. जिथे माणूस नाही तिथे जमलेल्या लोकांनी म्हणायचं, "रिकामी."

पुकारायचं काम माझं. मी व्हर्नेल मेझ, गावची चिटणीस. त्याआधी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढचं ऐकून म्हातारीला भास होतात असं कुणी म्हणू नये.

डिसेंबरात परिषद मोडली. गाव राखायचं की शेजारच्या मोठ्या शहरात मिसळून टाकायचं, असा ठराव होता. दोन मतं इकडे, दोन तिकडे. पाचवं मत मिस्टर क्लियोंचं. त्यांनी अंगठी ठोकली, श्वास घेतला, आणि बोललेच नाहीत. "मला थोडे दिवस द्या," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले. शवपेटीचं झाकण लावताना ती अंगठी मी त्यांच्या बोटात पाहिली होती.

मग भांडणं झाली, दोघांनी राजीनामे दिले. उरले दोघं. गाव राखू म्हणणाऱ्या मिस अल्झाडा, आणि मिसळून टाकू म्हणणारा नगराध्यक्ष थर्मन. दोघांत परिषद भरत नाही. रस्त्यावरचे दिवे विझले, पाण्याची टाकी गळत राहिली, मोकाट कुत्र्यांचं काय करायचं हेसुद्धा ठरवायला कुणी नाही. शेवटी मे महिन्यात निवडणूक लागली, तीन रिकाम्या खुर्च्यांची आणि त्याच प्रश्नाची.

गाव राहिलं. एका बाकावर दाटीवाटीनं बसतील इतक्याच मतांनी, पण राहिलं. परिषद दोघांत भरत नसली तरी निकाल पक्का करायला कायद्यानं दोन आवाज पुरे होते, आणि नेमके दोनच होते. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कचेरी बंद व्हायच्या आत ते झालं नाही, तर मतदान रद्द. मग गाव आपोआप शहराच्या पदरात.

थर्मनला हे पक्कं ठाऊक होतं.

परिषदेची खोली म्हणजे कापसाच्या जुन्या गिरणीची कचेरी. डिसेंबरपासून तिथे बारीकसारीक काही होत होतं. मिस्टर क्लियोंचा पुठ्ठ्याचा हातपंखा, अंत्यसंस्कारवाल्यांची जाहिरात छापलेला, मी कपाटात ठेवायचे. सकाळी तो त्यांच्या, तिसऱ्या खुर्चीच्या गादीवर असायचा. म्हटलं, झाडणारी बाई ठेवत असेल. ती म्हणाली, "मिस व्हर्नेल, मी त्या खुर्चीला हातसुद्धा लावत नाही. गादी गरम असते." म्हटलं, पश्चिमेची खिडकी आहे, ऊन येतं. मग एका ढगाळ दुपारी मी स्वतः हात लावून पाहिला.

त्यावर मी विचार केला नाही. कामं होती.

निकालाच्या दिवशी सगळं गाव आलं. बायकांनी टी-केकचे, घरच्या गोड बिस्किटांचे, डबे आणले, पुरुषांनी चर्चचे कोट चढवले. काउंटीकडून मॅरिसोल नावाची निरीक्षक आली होती. नोकरी नवीन, गावात पहिल्यांदाच. दाराशी बसून ती भिंतीवरची पणजोबा-खापरपणजोबांची चित्रं बघत होती.

"बघ बघ," मिस अल्झाडा तिला म्हणाल्या, "तुमच्या काउंटीत आमच्या माणसांना मतपेटीच्या जवळ फिरकू देत नव्हते, तेव्हा आम्ही इथे आमचा फौजदार निवडत होतो. आणि तो दारू प्यायला तर घरी बसवत होतो."

खोली हसली. थर्मन हसला नाही. तो शाळेत माझ्याबरोबर शिकलेला, माझीच गणितं उतरवून पास झालेला. टेबलाच्या टोकाला टोपी मांडीवर घेऊन तो बसला होता.

"घसा बसलाय का रे तुझा?" मी हळूच विचारलं.

"नाही."

"मग बोलशील ना?"

"तू पुकार, व्हर्नेल. कायद्यानं मी हजर राहायचं, तर हजर आहे."

म्हणजे हा गप्प बसणार होता. कचेरी बंद होईपर्यंत गप्प. टाकी गळतेय, पोरं गाव सोडून चाललीयत, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

मी उभी राहिले. निकाल वाचला. मग पुकारलं.

"पहिली खुर्ची."

"रिकामी," लोक म्हणाले.

"दुसरी खुर्ची. अल्झाडा ग्रीअर."

मिस अल्झाडा काठी सोडून उठल्या. "पाहिलं. खरं आहे."

"तिसरी खुर्ची."

"रिकामी" आलं नाही.

मी मान वर केली. लोकांची तोंडं उघडी होती. पहिल्या बाकावरची माझी बहीण गळ्याशी हात नेऊन माझ्याकडे बघत होती. तो शब्द कुणाच्याच तोंडातून निघत नव्हता. खोलीत पेपरमिंटचा वास आला. मिस्टर क्लियो सभेला बसले की ती गोळी चघळायचे.

मी पुढे गेले. दुसरं काय करणार?

"चौथी खुर्ची."

"रिकामी." सगळ्यांचा आवाज एकदम, सुटल्यासारखा.

"पाचवी खुर्ची. थर्मन बूकर."

थर्मन तिसऱ्या खुर्चीकडे बघत होता. कपाळावर घाम. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर सरकत आलं.

"थर्मन," मिस अल्झाडा म्हणाल्या, "चर्चच्या गाण्यात खालचा सूर लावायला तुला कुणी शिकवलं?"

"मिस्टर क्लियोंनी."

"मग त्यांच्यासमोर मुका का बसलास?"

थर्मननं टोपी टेबलावर ठेवली.

"डिसेंबरात ते बोलणारच होते," तो म्हणाला. "मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला. म्हटलं, माझ्यासाठी थोडं थांबा. ते थांबले."

"काय बोलणार होते?"

"मी विचारलंच नाही. मला भीती वाटली."

तो उठला. सहा फूट उंच गडी, पोरासारखा उभा राहिला. मग छातीपासून, मिस्टर क्लियोंनी शिकवलेल्या त्याच खालच्या सुरात म्हणाला, "पाहिलं. खरं आहे."

गिरणीचे पत्रे हलले असतील, इतका कल्लोळ झाला. बायका रडत होत्या, टी-केक वाटत होत्या. राखेत उभ्या राहिलेल्या माणसांचं गाव अजून गाव होतं, आणि ते आम्ही आमच्या तोंडानं सांगितलं होतं. मी सही केली.

तेवढ्यात मॅरिसोल संकोचत पुढे आली.

"माफ करा, मॅडम. तुमची रीत मला माहीत नाही. पण त्या आजोबांचं राहिलं ना?"

"कुणाचं?"

"तिसऱ्या खुर्चीतले. पंखावाले. मघापासून हात वर करून बसलेत."

आवाज थांबले. पुढून मागे, बाकामागून बाक.

खुर्चीत मला कुणी दिसलं नाही. गादी मात्र खोल दबलेली होती.

थर्मननं टेबलाची कड धरली. मिस अल्झाडा पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सगळं गाव उभं राहिलं.

मी पाठ ताठ केली.

"तिसरी खुर्ची," मी पुकारलं. "क्लियोफस ओडम."

ठक. ठक.

मग तो श्वास. लांब, लांब. खिडकीचे पडदे आत ओढले गेले.

"राहू द्या," ते म्हणाले. "गाव राहू द्या."