विंगेतलं वाक्य

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ही माझ्या मावसभावाच्या, प्रेमराजच्या अंगावर आलेली गोष्ट. चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला त्याचं गाव. सन दोन हजार तेवीस, माघी पौर्णिमा, यात्रेची रात्र.

दुपारी तो रोहिदासला घेऊन मोटरसायकलवर नाटकाचे पडदे आणायला शिरपूरला गेला. रोहिदास पावरा आदिवासी. नाटक त्यानंच लिहिलेलं, त्याच्या काकावर, वेस्तावर. पस्तीसेक वर्षांपूर्वी जमिनीच्या भांडणावरून वेस्ताला नि त्याच्या बायकोला, बिजलीबाईला, झोपडीत कोंडून गावानं जाळलं. त्यांची पोरही आत होती, असं रोहिदासचं घर सांगायचं. गाव म्हणायचं, पोर नव्हतीच. जाळणाऱ्यांत पहिलं नाव रुपचंदआबांचं, आणि यात्रा कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यांनी सांगितलं, आग दाखव, पण जाळणाऱ्यांची नावं काढ, पोर काढ. नाटक व्हावं म्हणून रोहिदासनं काढली.

वेस्ताचं काम आबांच्या नातवाकडे, किरणकडे. आपल्याकडे पाठांतर कोण करतो? प्रॉम्प्टरनं विंगेतून सांगायचं, नटानं बोलायचं. प्रॉम्प्टर प्रेमराज.

रात्री स्टेजवर झोपडी पेटली. लगेच माईकवर पुकारा, “आग झकास लाई, आबांकडून बक्षीस.” शिट्ट्या. टाळ्या. थू! भुताची मला कधी एवढी किळस आली नाही.

आता किरणनं नुसतं ओरडून पडायचं होतं. प्रेमराज गप्प. किरणनं विंगेकडे कान केला आणि मोठ्यानं बोलला...

“कडी काढ, रुपचंद.”

टाळ्या थांबल्या. आबा समोरच्या खुर्चीत. किरणनं पुन्हा कान दिला...

“कडी काढ. पोर मझार शे.”

पोर आत आहे... हे वाक्य नाटकात, काढलेल्या भागातसुद्धा, कधीच नव्हतं.

पडदा पाडला. आबा आत आले. नातवाच्या कानाखाली वाजवली.

“तुले कोणी सांगं हाई?”

“प्रेमराजभाऊनी.”

“मी तोंडच उघाडं नही,” प्रेमराज म्हणाला.

किरणला ठसका लागला. खोकला. थुंकला. काळी राख. राखेत पांढरं काही...

दात.

प्रेमराजनं त्याचं तोंड उघडून पाहिलं. सगळे दात जागेवर. खाली पडलेला तांदळाएवढा. दुधाचा.

आबांनी त्यावर चप्पल ठेवली.

तेव्हा रोहिदास बोलला. या वेळी ‘आबा’ म्हणून नाही, सरळ नाव घेऊन.

“पाय काढ, रुपचंद.”

आबांनी पाय काढला.

तो दात रोहिदासकडे आहे. मी पाहिलाय. अजून गरम लागतो.